एक रायफल, दोन बॅरल: लष्कराच्या मल्टी-कॅलिबर रायफलचं प्रकरण

हे प्रकरण २०११ ते २०१५ मधलं. भारतीय लष्कराला एक अशी रायफल हवी होती की जी बॅरल बदलली की दुसऱ्याच काडतुसाची रायफल होईल. चार वर्षं गेली, ट्रायल झाल्या, आणि एकही रायफल घेतली गेली नाही. टेंडर, तारखा, कंपन्या सगळं जाहीर आहे, ते तसंच ठेवलंय. ज्यांनी मला आतल्या व्यवहाराच्या गोष्टी समजावून सांगितल्या त्यांची ओळख मात्र झाकलीये. त्यातले एक आमच्या साताऱ्याच्या गल्लीतले काका, इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, शेवटची काही वर्षं कोतात होते. कोत म्हणजे युनिटचं शस्त्रागार, जिथे रायफल बट नंबरवर, म्हणजे दस्त्यावर घातलेल्या नंबरवर, दिली-घेतली जाते.

पार्श्वभूमी

सुरुवात इन्सासपासून करावी लागते. इन्सास ही आपल्या पुण्याची, पाषाणच्या एआरडीईमध्ये (डीआरडीओची शस्त्रं डिझाइन करणारी प्रयोगशाळा) ८०च्या दशकात डिझाइन झालेली, बनायची मात्र बंगालात ईशापूरला, आणि तिचं ५.५६ चं काडतूस आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला. गंमत म्हणजे इन्सास हीसुद्धा आधी 'फॅमिली' म्हणूनच आखली होती, म्हणजे एकाच मुळावर रायफल, एलएमजी (लाइट मशिनगन) आणि कार्बाइन (आखूड रायफल), पार्ट शक्य तितके सारखे. रायफल आणि एलएमजी आल्या, कार्बाइनचं काही शेवटपर्यंत जमलं नाही.

१९९९ ला कारगिलमध्ये थंडीत प्लास्टिकची मॅगझिन तडकणं, रायफल अडकणं, फायर करताना तेल तोंडावर उडणं अशा तक्रारी आल्या. पुढे सुधारणा झाल्या पण नाव एकदा खराब झालं की झालंच. त्यात इन्सासवर एकतर सिंगल नाहीतर तीन-तीन राउंडचा बर्स्ट, फुल ऑटो नाही. काश्मीरमध्ये घराघरात शिरून ऑपरेशन करणाऱ्याला ते कमी वाटायचं, म्हणून तिकडे एके. राष्ट्रीय रायफल्समध्ये, म्हणजे काश्मीरमधल्या लष्कराच्या अतिरेकीविरोधी दलात, गेलं की हातात एके-४७ येणार हे सगळ्यांना माहीतच.

म्हणजे एकाच जवानाच्या नोकरीत दोन रायफली. सीमेवर ५.५६×४५ ची इन्सास, काउंटर-इन्सर्जन्सीत, म्हणजे अतिरेक्यांविरुद्धच्या कामात, ७.६२×३९ ची एके. (पहिला आकडा गोळीची जाडी, दुसरा काडतुसाच्या नळीची लांबी, दोन्ही मिमीत; यालाच इथे कॅलिबर म्हटलंय.) सेफ्टी वेगळी, कॉकिंग हँडल वेगळ्या बाजूला (इन्सासचं डावीकडे, एकेचं उजवीकडे), नेम धरायची साइट वेगळी, स्पेअर वेगळे. काका म्हणाले, "नवीन पोरगं इन्सासवरनं एकेवर आलं की पहिले आठ-पंधरा दिवस त्याचा डावा हात हवेतच कॉकिंग हँडल शोधत असतो."

अडचण

इथे पहिला घोळ आहे असं मला वाटतं. अडचणी खरं तर दोन होत्या आणि त्या एकाच पिशवीत भरल्या गेल्या.

एक, इन्सास बदलायची होती, चांगली भरवशाची रायफल हवी होती. सरळ गोष्ट.

दोन, कुठल्या काडतुसाने लढायचं हे ठरत नव्हतं. ५.५६ ची गोळी हलकी, वेगवान, लांबवर सपाट जाते, आणि एक राउंड साधारण १२ ग्रॅमचा, म्हणजे जवान जास्त गोळ्या बाळगू शकतो. ७.६२×३९ चा राउंड १६ ग्रॅमच्या वर, गोळीच ८ ग्रॅमच्या आसपास म्हणजे ५.५६ च्या दुप्पट, जवळून जोरात बसते, पण ३०० मीटरच्या पुढे झपाट्याने खाली यायला लागते. एक म्हणणार शत्रू जखमी झाला तरी चालेल, त्याला उचलायला अजून दोघं अडकतात. दुसरा म्हणणार अहो अतिरेक्याला उचलायला कोण येत नाही, तो जखमी होऊन पण फायर करत राहतो, त्याला जागेवर पाडायला पाहिजे. दोघांचं आपापल्या जागी बरोबर.

हा वाद मिटवायला पाहिजे होता पॉलिसीने. तो मिटवायचा ठेका दिला गेला रायफलच्या डिझाइनला.

समोर काय पर्याय होते

इन्सासचीच डागडुजी करणं हा एक. फुल ऑटो, आखूड बॅरल, रेल (वर दुर्बीण वगैरे लावायची पट्टी), चांगलं मॅगझिन. नंतर त्या वाटेने एक्सकॅलिबर नावाचं व्हर्जन आलंही, बॅरल ४६४ मिमीवरून ४०० वर आणलेलं. स्वस्त आणि पटकन होणारं काम, पण 'इन्सास' या शब्दालाच लोक वैतागलेले.

दुसरा पर्याय, दोन रायफली राहू देत पण दोन्ही चांगल्या घ्या. जे चाललंय तेच, फक्त नीट. यात टाळी मिळत नाही, प्रेझेंटेशनमध्ये स्लाइड भारी दिसत नाही, पण चालणारी गोष्ट होती.

तिसरा, एकच कॅलिबर ठरवा आणि त्याचीच रायफल घ्या. त्यासाठी वरचा वाद संपवावा लागणार होता.

आणि चौथा, मॉड्युलर. एकच बॉडी, दोन बॅरल. सीमेवर ५.५६ लावा, काश्मीरला गेलात की ७.६२×३९ लावा. ट्रेनिंग एक, ट्रिगर एक, सेफ्टी एक, वर ऑप्टिक, खाली ग्रेनेड लाँचर. ऐकायला एवढं छान की नाही म्हणणार कोण, एका दगडात दोन पक्षी.

चौथा निवडला गेला. मला यात कोणाचा मूर्खपणा वगैरे वाटत नाही, त्या काळात जगभर हीच हवा होती. पण हवा कुठल्या दिशेला चाललीये ते बघायला तेव्हाच जागा होती, कारण अमेरिकेत याची तीन उदाहरणं होऊन गेली होती. व्हिएतनामच्या वेळची स्टोनर ६३, जी कार्बाइनपासून मशिनगनपर्यंत काहीही व्हायची, ती नेव्ही सील्सनी घेतली आणि मुख्यतः बेल्टवाली लाइट मशिनगन म्हणूनच वापरली, रोज रूप कोण बदलतंय. मग एक्सएम८, एकाच बॉडीवर चार प्रकार, २००५ ला गुंडाळली. आणि बेल्जियमच्या एफएन कंपनीची स्कार, २००४ ला अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडने निवडलेली, ५.५६ ची एमके १६ आणि ७.६२×५१ ची एमके १७. तर २०१० मध्ये त्याच कमांडने ५.५६ वालीची खरेदी थांबवली, म्हणाले हातातल्या एम४ रायफलपेक्षा एवढा फरक नाही की पैसे घालावेत, मोठी वाली तेवढी ठेवू. आपलं टेंडर निघालं नोव्हेंबर २०११ ला. म्हणजे ही बातमी वर्षभर जुनी झाली होती.

काय केलं

४३ कंपन्यांना आरएफपी (टेंडरचा मागणीपत्रक) गेली, सुरुवातीची गरज ६६,००० रायफलींची, पुढे तंत्रज्ञान घेऊन देशातच बनवायच्या. मुख्य अटी अशा की मूळ काडतूस ५.५६×४५, बॅरल आणि मॅगझिन बदललं की ७.६२×३९, आणि वजन ३.६ किलोच्या आत. आता इन्सासच ४ किलोच्या वर होती, म्हणजे काम दुप्पट करा आणि वजन अर्धा किलो कमी करा असं म्हटल्यासारखं झालं.

स्पर्धेत शेवटपर्यंत राहिलेली नावं चार-पाचच. इटलीची बेरेटा एआरएक्स-१६०, चेक सीझेड ८०५ ब्रेन, इस्रायलची गॅलिल एस, अमेरिकेची कोल्ट कॉम्बॅट रायफल, अशी. यातली एकही वाईट रायफल नाही. पण इटलीच्या आणि चेक सैन्याने आपापल्या रायफली घेतल्या तेव्हा एका ठरलेल्या कॅलिबरमध्ये घेतल्या. कॅलिबर बदलायची सोय ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात, वापरात कमी.

आता जरा थांबून बघू की 'फक्त बॅरल बदला' या वाक्यात काय काय दडलंय, कारण सगळं प्रकरण माझ्या मते इथेच आहे.

५.५६ च्या काडतुसाचं बूड साधारण ९.६ मिमीचं, ७.६२×३९ चं ११.३ च्या वर. बोल्टचं तोंड, जे त्या बुडाला धरतं, ते दोघांना एकच चालणार नाही. म्हणजे बोल्ट बदला. ७.६२×३९ चं काडतूस पुढे निमुळतं होत जातं, म्हणून एकेचं मॅगझिन केळ्यासारखं वाकडं असतं, ती हौस नव्हे. ५.५६ चं मॅगझिन बरंच सरळ. दोघं एकाच खाचेत बसवायचे तर खाच तरी बदला नाहीतर मॅगझिन असं बनवा की दोन्हीकडे तडजोड. गॅसचा दाब वेगळा, म्हणजे गॅसचं भोक आणि सेटिंग वेगळं. गोळीचा रस्ता वेगळा म्हणजे साइटचे आकडे वेगळे. तर बॅरल बदला म्हणजे बॅरल, बोल्ट, मॅगझिन, गॅस आणि साइट एवढं सगळं बदला.

घरातल्या मिक्सरसारखं आहे हे. मोटर एक, भांडी तीन, दुकानात दाखवतात तेव्हा वाटतं वा. घरी आल्यावर चटणीचं भांडं रोज लागतं आणि ज्यूसचं भांडं माळ्यावर जातं ते दिवाळीच्या साफसफाईलाच दिसतं. फक्त इथे माळ्यावरच्या भांड्याचं वजन, हिशोब आणि जबाबदारी कोणाच्या तरी डोक्यावर असते.

आणि बसवलं तरी झिरोइंग, म्हणजे साइटचा नेम आणि गोळी एकाच जागी जुळवणं. काकांना मी विचारलं की बॅरल बदलायला दोन मिनिटं लागतात म्हणे, मग अडचण काय. ते हसले. "दोन मिनिटं बॅरलची, आणि रेंजवरचा अर्धा दिवस कोण मोजणार? १०० मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप घ्यायचा, साइट सरकवायची, परत पाच, परत. पूर्ण कंपनीच्या रायफली झिरो करायच्या म्हणजे रेंज मिळाली पाहिजे, अॅम्युनिशन मिळालं पाहिजे, दिवस मिळाला पाहिजे. आणि झिरो न केलेली रायफल घेऊन मी पोराला कॉर्डनमध्ये उभा करणार नाही." मी घरी येऊन वहीवर हिशोब केला. बॅरल ४०० मिमीची धरा, बसताना तिचं टोक नुसतं ०.१ मिमी, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढं, बाजूला राहिलं तर ३०० मीटरवर गोळी ७.५ सेंमी सरकते. चांगल्या डिझाइनमध्ये बॅरल परत त्याच जागी बसते, मान्य, पण इथे तीच बॅरल परत बसत नाहीये, दुसऱ्याच काडतुसाची बॅरल बसतीये. झिरो नव्यानेच करावं लागणार.

मग कोताचा प्रश्न, जो कुठल्याच चर्चेत मला दिसला नाही. बट नंबर ४७ ची रायफल, तिच्या दोन बॅरल, दोन बोल्ट, दोन प्रकारची मॅगझिन. युनिट सीमेवर असताना ७.६२ चा संच कुठे? कोतात, नंबर घालून, तेल लावून, दर महिन्याला मोजून. तो संच चुकून बट नंबर ७४ ला लागला तर? काकांच्या भाषेत, "एक नट कमी आला तर रात्री अकरा वाजता सगळी कंपनी बॅटऱ्या घेऊन मैदानात फिरते, आणि तुम्ही मला दुप्पट सामान देताय." नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

याच काळात एआरडीईने पुण्यात समांतर आपली स्वतःची मल्टी-कॅलिबर रायफल बनवायला घेतली होती, एमसीआयडब्ल्यूएस नावाची, २०१४ च्या आसपास ती प्रदर्शनांत दिसायला लागली. त्यात तर तीन कॅलिबर, ५.५६×४५, ७.६२×३९ आणि मधलं ६.८×४३. इंजिनिअरिंग म्हणून मला ती आवडते, खरंच. पण ६.८ चं काडतूस लष्कराच्या साठ्यातच नव्हतं. वरणगावला ज्याची लाइन नाही त्या काडतुसाची रायफल म्हणजे लग्नाआधी बारशाची तयारी.

निकाल

जून २०१५ मध्ये टेंडर रद्द. ट्रायल झालेल्या एकाही रायफलवर शिक्का बसला नाही. त्याच वर्षी तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर लष्कराच्या अटींबद्दल म्हणाले होते की काही अटी मार्व्हलच्या कॉमिकमधून उचलल्यासारख्या असतात. आयआयटीत शिकलेला गोव्याचा माणूस, मटेरियल समजणारा, त्यांनी हे सगळ्याच खरेदीबद्दल म्हटलं होतं, पण या रायफलला ते फिट्ट बसतं.

नंतर विचार पूर्ण उलटा फिरला, दोन कॅलिबर नको, एकच, आणि ते मोठं ७.६२×५१. म्हणजे इन्सासच्या आधीच्या जुन्या एसएलआर रायफलचं काडतूस, ज्याच्या वजनाला कंटाळून इन्सासचा ५.५६ आणला होता! त्याचा राउंड २४ ग्रॅमच्या आसपास, १०० राउंड म्हणजे जवळपास अडीच किलो. ईशापूरने बनवलेली ७.६२×५१ रायफल २०१७ ला ट्रायलमध्ये पास झाली नाही. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२,४०० सिग ७१६ घेतल्या गेल्या, त्यातल्या ६६,४०० लष्कराला, बाकी नेव्ही आणि एअर फोर्सला. ६६,००० चा आकडा बघा, जिथून निघालो तिथेच.

आणि त्याच्या पाठोपाठ रशियाबरोबर अमेठीतल्या कोरव्याचा कारखाना, डिसेंबर २०२१ चा करार, ६ लाखांच्या वर एके-२०३, कॅलिबर ७.६२×३९. एकेला वर रेल लावली, बट घडीचा केला, विषय संपला.

म्हणजे हिशोब मांडला तर आज सिगमध्ये ७.६२×५१, एके-२०३ मध्ये ७.६२×३९ आणि उरलेल्या इन्सासमध्ये ५.५६. दोन रायफली नकोत म्हणून निघालो होतो, तीन झाल्या.

वेगळं काय करता आलं असतं

मागे वळून बोलणं सोपं असतं हे मान्य करून तीन जागा मला दिसतात.

पहिली जागा आरएफपीच्या आधीची. 'बॅरल कोण बदलणार' हा एकच प्रश्न लिहून त्याचं उत्तर मागायला पाहिजे होतं. जवान बदलणार, की युनिटचा आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा), की डेपो? जवान बदलणार असेल तर झिरोचं काय ते सांगा. डेपोत बदलणार असेल, म्हणजे युनिट दोन-तीन वर्षांसाठी काश्मीरला चाललंय आणि जाताना एकदाच बदल होणार, तर मग दोन मिनिटांत बदलणारी बॅरल कशाला? मग बॅरल स्क्रूने बसवा, प्रेसने बसवा, अर्धा तास लागू दे, रायफल हलकी आणि स्वस्त होते. आणि तेवढंच करायचं तर सरळ तीच रायफल दोन कॅलिबरमध्ये वेगवेगळी बनवून घ्या, पार्ट ८० टक्के सारखे. ट्रेनिंगचा फायदा पूर्ण मिळतो, कोताची कटकट नाही. मॉड्युलर कारखान्यासाठी चांगलं असतं, कंपनीच्या मैदानात नाही, असं माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

दुसरी जागा वजनाची. ३.६ किलो ही अट आणि कॅलिबर बदलाची अट एकमेकांच्या गळ्यावर होत्या. बोल्ट आणि रिसीव्हर मोठ्या काडतुसाच्या मापाचे करावे लागतात, म्हणजे छोटं काडतूस वापरतानाही तुम्ही मोठ्याचं वजन वाहता. दोनपैकी कुठली अट सोडायला तयार आहोत हे आधीच ठरवून ठेवलं असतं तर ट्रायलमध्ये 'सगळेच थोडेथोडे नापास' अशी वेळ आली नसती. आपल्याकडे अटी लिहिताना प्रत्येक शाखेचा माणूस एक-एक ओळ वाढवतो, कमी कोणीच करत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये नाही का, रंग काढायचा ठराव असतो आणि शेवटी लिफ्टपण येते.

तिसरी जागा पुण्याची. एआरडीईला लष्कराचं टेंडर चालू असताना त्याच अटींवर वेगळी धाव घ्यायला लावणं यात दोघांचाही फायदा झाला नाही. टेंडर रद्द झालं तेव्हा तयार असलेली देशी रायफल पण त्याच रद्द झालेल्या कल्पनेवर उभी होती. नंतर जानेवारी २०२४ ला एआरडीईने हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर उग्रम आणली, ती बघा, ७.६२×५१, एकच कॅलिबर, वजन ४ किलोच्या आत, २० राउंडचं मॅगझिन. काही फॅन्सी नाही. पाषाणच्याच लोकांनी बनवलेली, आणि शंभरेक दिवसांत उभी केली असं सांगितलं गेलं. अटी कमी असल्या की हात किती मोकळे होतात त्याचं हे उदाहरण म्हणता येईल, जरी ती अजून पुढे जायची आहे.

एक मुद्दा मात्र मी अजून सोडवू शकलो नाही. समजा २०११ ला कोणी धीटपणे सांगितलं असतं की कॅलिबर आधी ठरवा, तर ठरलं असतं का? नंतरच्या दहा वर्षांत ५.५६ वरून ७.६२×५१ आणि तिथून परत ७.६२×३९ असा प्रवास झाला, म्हणजे आधी ठरवलं असतं तरी तो निर्णय टिकला असता याची खात्री मला देता येत नाही. कदाचित मॉड्युलर रायफल मागणाऱ्यांना हेच ठाऊक होतं, की आपण ठरवू शकत नाही म्हणून ठरवायचं लांबणीवर टाकणारी रायफल घ्या. तसं असेल तर ती मागणी माझ्या समजुतीपेक्षा जास्त हुशारीची होती.

हे लिहून झाल्यावर काकांना मोबाइलवर एके-२०३ चा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून दोन बोटांनी झूम केलं, आधी बट बघितला, मग वरची रेल, मग कॉकिंग हँडल. "उजवीकडेच ठेवलाय," म्हणाले, आणि फोन परत दिला.